स्वस्त ब्रशची मशागत

ठाण्यात जांभळी नाक्यावरून बाजारात शिरलं की फण्या, नेलकटर, सेफ्टी पिना आणि रबरबँडच्या पुड्यांच्या शेजारी दाढीचे ब्रश टांगलेले दिसतात. मागे रंगीत पुठ्ठा, वर प्लास्टिकचा फुगा, आत एक दांडा आणि त्यात रोवलेला केसांचा झुपका. किंमत शंभराच्या आत. "केस कसले आहेत हो यात?" असं विचारलं तर दुकानदार ब्रश उलटा-सुलटा करून बघतो आणि म्हणतो, "चांगला आहे काका, रोज जातो आपल्याकडून." गर्दी इतकी असते की दुसरा प्रश्न विचारायला सवड मिळत नाही.

माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी असा ब्रश आयुष्यात एकदा तरी विकत घेतलेला आहे आणि महिन्याभरात टाकून दिलेला आहे. टोचतो, केस गळतात, वास येतो, फेस टिकत नाही, या त्या तक्रारी. मग डब्यातला तयार फोम येतो, किंवा नुसत्या जेलवर काम भागवलं जातं. मला हे पाहवत नाही. या ब्रशमधला माल बहुतेक वेळा वाईट नसतो, त्याच्यावर शेवटचा हात फिरवलेला नसतो इतकंच. कारखान्यात जे काम परवडत नाही म्हणून सोडून दिलेलं असतं ते घरी करता येतं. त्याला लागतं भांड्यांचं लिक्विड, थोडा दोरा, एखादी एम-सीलची पुडी आणि काही आठवडे धीर. एवढं केलं की हाच ब्रश महागड्या ब्रशच्या पुष्कळ जवळ जातो, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण माझ्या घरात असे ब्रश वर्षानुवर्षं वापरात आहेत.

पण आधी ब्रश नक्की काय करतो हे लक्षात घ्यायला हवं. साबण गालावर पसरवणं हे त्याचं काम आपल्याला दिसतं, पण ते काम बोटांनीही होतं. ब्रशचं खरं काम पाण्याचं आहे. दाढीचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. कोरडा असताना तो चिवट असतो, आणि दोन-तीन मिनिटं पाण्यात राहिला की फुगतो, मऊ पडतो आणि पात्याला पुष्कळ कमी जोर लावावा लागतो. गाल नुसता ओला करून ही दोन-तीन मिनिटं मिळत नाहीत. पाणी ओघळून जातं, उरलेलं सुकतं. म्हणून साबणाच्या फेसात पाणी कोंडायचं आणि तो फेस केसांच्या मुळाशी दाबून बसवायचा. ब्रश पाणी साठवतो, साबण घुसळताना ते थोडं थोडं सोडतो, फेस झाला की तो पोटात धरून ठेवतो आणि गालावर हवा तितकाच देतो. स्वस्त ब्रशच्या सगळ्या तक्रारी या एका कामाशी येऊन थांबतात. तो पाणी नीट धरत नाही, किंवा धरलेलं नीट सोडत नाही.

आता केस कसले आहेत ते ओळखणं. पुठ्ठ्यावर बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. शंभराच्या आतला ब्रश एक तर नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचा असतो किंवा डुकराच्या केसांचा. अनेक घरांत डुकराचे केस चालत नाहीत, धर्माने म्हणा किंवा मनाने म्हणा, आणि त्यांना हे कळण्याचा हक्क आहे. उपाय सोपा आहे. नव्या ब्रशमधून एखादा केस सहज सुटतोच. तो चिमट्यात धरून मोरीजवळ मेणबत्तीवर धरायचा. प्राण्याचा केस चुरचुरतो, जळक्या केसाचा ओळखीचा वास येतो आणि मागे बोटांनी चुरडेल अशी काळी राख राहते. कृत्रिम धागा वितळतो आणि टोकाला एक कडक गोळी होते. या परीक्षेला मिनिटही लागत नाही. डुकराच्या केसांचा आपल्याकडचा व्यापार जुना आहे, कानपूर हे त्याचं इंग्रजांच्या काळापासूनचं केंद्र. बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट रंगाच्या ब्रशसाठी ओळखलं जातं. रंगाऱ्याला आणि दाढी करणाऱ्याला हा केस आवडण्याचं कारण एकच आहे. त्याचं टोक निसर्गतःच फाटलेलं असतं, एका केसाला दोन-तीन बारीक शेंडे असतात. त्या फाट्यांत रंग थांबतो, पाणीही थांबतं.

स्वस्त ब्रशमध्ये हे फाटे नीट उमललेले नसतात, कधी कधी झुपका एकसारखा दिसावा म्हणून टोकं कापलेलीही असतात. तेच टोचतं. असा ब्रश आपल्याला घडवावा लागतो. मी ते कसं करतो ते सविस्तर सांगतो, कारण सगळी गंमत इथेच आहे.

आणल्या दिवशी ब्रश कोमट पाण्यात भिजवायचा. कोमट म्हणजे हात घालून सुखाने ठेवता येईल असं. उकळत्या पाण्याने केस ठिसूळ होतात आणि बुडाचा गोंद सैल पडतो. मग तळहातावर भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब घेऊन त्यावर ब्रश गोल फिरवायचा, खळखळून धुवायचा, पुन्हा तेच. पहिल्या धुण्यात पाणी मळकट, पिवळसर निघतं आणि वास येतो. गोठ्याचा नाही, पण जनावराचा खरा. घरातली माणसं नाक मुरडतात. त्यावर अत्तर-डेटॉल काही टाकू नये. दाढीच्या साबणाचा भरपूर फेस करायचा, तो ब्रशमध्ये तसाच राहू द्यायचा आणि रात्रभर ब्रश उभा ठेवायचा. सकाळी धुवायचा. दोन-तीन रात्री हे केलं की वास बराचसा जातो, उरलेला वापरात जातो.

यानंतरचा भाग धीराचा. रोज फेस करायचा, दाढी करायची असो वा नसो, ब्रश धुवायचा, आणि पूर्ण सुकू द्यायचा. ही भिजण्या-सुकण्याची फेरी केसाचं टोक फोडते. ओला असताना केस फुगतो, सुकताना आकसतो, आणि तळहातावर घासताना शेंडा उकलतो. पहिल्या आठवड्यात काही फरक कळत नाही. पुढे कधीतरी ब्रश गालाला लागतो आणि आपण थबकतो, कारण आज टोचलेलं नाही. उन्हाच्या तिरिपेत ब्रश धरून भिंगातून पाहिलं तर दिसतं, पूर्वी जिथे सुईसारखं एक टोक होतं तिथे आता पांढुरकी, बारीक, पिसासारखी झिलई आहे. झुपक्याचा वरचा कडा आता रेघेसारखा दिसत नाही, धूसर दिसतो. मला हे दृश्य फार आवडतं. कुठलंही रसायन न लावता, रोजच्या वापराने एखादी वस्तू सुधारत जाते, अशी उदाहरणं घरात फार नसतात. बहुतेक वस्तू वापराने झिजतात.

या काळात थोडे केस गळणारच. झुपक्यात जे केस गोंदापर्यंत पोचलेलेच नव्हते ते सुटतात. जुन्या, स्वच्छ कंगव्याने ओला ब्रश हलक्या हाताने विंचरला की ते एकदम निघतात आणि मग गालावर चिकटत नाहीत. गळणं आठवड्यामागून आठवडे तसंच चालू राहिलं तर मात्र गोंदच कच्चा आहे, त्याकडे पुढे येतो.

इथे एक कळकळीची सूचना. ब्रश मऊ व्हावा म्हणून कित्येक जण त्याला केसांचा कंडिशनर लावतात, कुणी खोबरेल तेल लावतं. हात लावला की ब्रश रेशमासारखा लागतो, आणि फेस मरतो. कारण कंडिशनरमध्ये बहुधा सिलिकोन असतं, आणि सिलिकोन हे कारखान्यांतून फेस मारण्यासाठीच वापरलं जाणारं द्रव्य आहे. तेलाचंही तेच. आणि असा लेप दिलेला मऊपणा वरवरचा असतो, शेंडा त्याने फुटत नाही. कुणी लावलंच असेल तर भांड्यांच्या लिक्विडने दोन वेळा धुवावं, ब्रश पूर्ववत होतो.

कृत्रिम धाग्याच्या ब्रशची कथा वेगळी. त्याला घडवावं लागत नाही आणि तो घडतही नाही. नायलॉन बाजारात आलं तेच मुळी ब्रशच्या रूपाने, १९३८ साली अमेरिकेत टूथब्रशच्या केसांसाठी, स्त्रियांचे मोजे नंतर आले. या धाग्यात पाणी नाममात्रच मुरतं. म्हणजे पाणी राहतं ते दोन धाग्यांच्या मधल्या फटीत. म्हणून हा ब्रश भिजत घालण्यात अर्थ नाही. आणि म्हणूनच तो हापकन सगळं पाणी साबणावर ओततो, साबण पातळ होतो आणि मोठे, पोकळ बुडबुडे येतात. अशा वेळी लोक ब्रशला दोष देतात. वास्तविक त्याला उलट्या क्रमाने वापरायचं असतं. ब्रश ओला करून पक्का झटकायचा, जवळजवळ कोरडा. क्रीम हरभऱ्याएवढं किंवा गोल साबणावर अर्धा मिनिट. मग बोटं पाण्यात बुडवून थेंब-थेंब पाणी घालत जायचं. आधी चिकट पेस्ट होते, मग ती सैल होते, आणि एका क्षणी तिच्यावर घट्ट दह्याच्या वरच्या थरासारखी चमक येते. तिथे थांबायचं. हे एकदा हाताला कळलं की स्वस्तातला स्वस्त कृत्रिम ब्रशही भरपूर फेस देतो, आणि साबण कमी खातो.

या ब्रशलाही पहिलं धुणं हवंच. धागा तयार करताना त्यावर तेलकट लेप राहतो, तोही फेस मारतो. लिक्विडने दोनदा धुतलं की जातो. टोचण्याचं म्हणाल तर महागड्या कृत्रिम ब्रशचे धागे टोकाशी निमुळते केलेले असतात, स्वस्तातले सरळ कापलेले. ते घरी निमुळते करता येत नाहीत. कात्री लावू नये, पॉलिश पेपरवर घासूही नये, त्याने टोकं अजून बोथट होतात. हात मात्र बदलता येतो. ब्रश गालावर दाबून गरागरा फिरवण्याऐवजी रंगारी भिंतीवर फिरवतो तसा उभा-आडवा फिरवला की टोकं सरळ त्वचेत घुसत नाहीत, धाग्याची बाजू लागते. केसांच्या उलट दिशेने दोन हात, मग सरळ दोन हात. टोचणं निम्म्यावर येतं.

माझा भाचा घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीला राहतो. नव्याने नोकरीला लागला, रोज दाढी करावी लागते, मानेवर पुरळ उठायचं. त्याला मीच ब्रश घेऊन दिला होता. पंधरवड्याने घरी आला तो ब्रश पिशवीत घालूनच.

"मामा, हा तुझ्याकडेच ठेव. अर्ध्या गालापर्यंत पोचेपर्यंत फेस बसतो."

"साबण कुठला?"

"तुझाच. तू दिलेलाच."

मी त्याला आमच्या नौपाड्यातल्या नळाच्या पाण्यावर फेस करायला लावला. झकास झाला. तो ब्रशकडे बघतच राहिला.

"तुमच्याकडे टँकर येतो का रे?"

"रोज येतो. बोअरचं पण मिसळतात टाकीत."

तिथे सगळं उलगडलं. ठाण्याला महापालिकेचं जे पाणी येतं ते भातसा आणि उल्हास नद्यांचं. पिसे गावच्या बंधाऱ्यावरून, शहाड-टेमघरहून, एमआयडीसीकडून, काही मुंबई महापालिकेकडून. हे पावसाचं पाणी सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून धरणात उतरलेलं असतं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार कमी, म्हणून साबणाला ते मानवतं. नवी मुंबईच्या मोरबे धरणाचं पाणीही याच जातीचं. बोअरच्या पाण्याचं तसं नाही. ते जमिनीत मुरताना क्षार घेऊन येतं, खाडीच्या अंगाला तर खारटपणाही. शाळेत ज्याला दुष्फेन किंवा कठीण पाणी म्हणायचे ते हेच. भारतीय मानक आयएस १०५०० पिण्याच्या पाण्यातल्या या कठीणपणाची मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम धरतं, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. चालवून घेतलेलं हे पाणी पोटाला चालत असेल, साबणाला चालत नाही. साबण म्हणजे तेला-चरबीतल्या मेदाम्लाचा सोडियम किंवा पोटॅशियम क्षार. त्याला कॅल्शियम भेटलं की त्याचा न विरघळणारा साका होतो. बादलीच्या कडेला जी करडी रेघ बसते ती हीच. म्हणजे भाच्याच्या ब्रशमधला निम्मा साबण फेस होण्याआधीच साका होऊन बसत होता.

आणि तो साका जायचा कुठे? ब्रशच्या बुडाशी. दांड्याजवळ केस बोटांनी फाकवून पाहिलं तर पांढरट, मेणचट थर दिसला. केस एकमेकांना चिकटलेले, झुपका आतून घट्ट. असा ब्रश फुलत नाही, पोटात पाणी घेत नाही आणि ताठ होऊन टोचतो. साबणाने धुऊन हा थर जात नाही, कारण तो साबणाचाच बनलेला आहे. त्याला आंबट लागतं. किराण्यात मिळणारं लिंबूसत्त्व पाव चमचा, वाटीभर कोमट पाण्यात. किंवा पांढरं व्हिनेगर, एकाला दहा पाणी. त्यात फक्त केस बुडतील असा ब्रश पाच-सात मिनिटं धरायचा. आम्लाने कॅल्शियम सुटतं आणि मागे मोकळं मेदाम्ल राहतं, ते स्निग्ध असतं, मग भांड्यांच्या लिक्विडने ते निघून जातं. हा क्रम महत्त्वाचा आहे, आधी आंबट, नंतर लिक्विड. आम्ही दोघांनी ओट्यावर बसून हे केलं. वाटीतलं पाणी गढूळ झालं, वर तवंग आला, आणि दुसऱ्या पाण्याला ब्रश असा फुलला की भाचा म्हणाला, "मामा, हा बदलून तर नाही ना दिलास?"

टँकरचं पाणी त्याला बदलता येणार नव्हतं. पण दाढीच्या फेसाला पाणी लागतं किती? एक कप पुरे. प्यायच्या आरओ फिल्टरचं एक कप पाणी न्हाणीघरात नेलं की काम झालं, ब्रश त्यातच भिजवायचा, थेंबही त्यातलेच घालायचे. तोंड धुवायला मग कुठलंही पाणी. जे ठाणेकर घोडबंदर रोडला, किंवा जे कोणी बोअरवर दिवस काढत आहेत, त्यांनी नवा ब्रश, नवा साबण घेण्याआधी हा एक कप करून पाहावा अशी माझी मनापासून विनंती आहे. महागातला महाग ब्रशही कठीण पाण्यापुढे हात टेकतो. भाच्याच्या मानेवरचं पुरळ पुढे कमी झालं. त्यात फेसाचा वाटा किती आणि त्याने पात्याला जोर लावणं सोडलं त्याचा किती हे सांगता येणार नाही, पण फेस दाट असला की हात आपोआप हलका पडतो हे खरं.

दुसरी तक्रार दांड्याची आणि झुपक्याच्या ताठपणाची. झुपका दांड्याबाहेर किती उंच आहे आणि त्याचा घेर किती, या दोन मापांवर ब्रशचा स्वभाव ठरतो. साधारण २० ते २४ मिलिमीटर घेर आणि ५० मिलिमीटरच्या आसपास उंची हे नेहमीचं माप. स्वस्त ब्रशमध्ये केस कमी आणि उंची जास्त ठेवून झुपका मोठा दाखवतात. मग तो लुळा पडतो, साबणावर टेकवला की मधोमध फाकतो आणि फेस बाजूने निसटतो. याला एक जुना, बिनखर्चाचा इलाज आहे. झुपक्याच्या बुडाशी, दांड्याला लागून, पाच-सहा मिलिमीटर उंचीपर्यंत जाड सुती दोरा घट्ट गुंडाळायचा आणि गाठ मारायची. दोरा कुजतो, म्हणून मी आता नळाच्या तोटीत असते तसली रबराची रिंग वापरतो. हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळते. रिंग केसांवरून खाली सरकवून दांड्याशी बसवली की झुपक्याची मोकळी उंची तेवढी कमी होते आणि ताठपणा येतो. फार आवळ रिंग घेऊ नये, बुडाशी पाणी अडकून राहतं. आणि सुकवताना ती काढून ठेवावी.

रिंगही नको असेल तर साबण घेताना तर्जनी आणि अंगठ्याने झुपक्याचं बूड धरायचं. बोटं रिंगचंच काम करतात. जुन्या न्हाव्यांचा हात बघा, ते दांडा कधी दूर टोकाला धरत नाहीत. बोटं नेहमी केसांच्या मुळाशी.

दांडा बहुधा पोकळ असतो, हातात कागदासारखा हलका. ओल्या हातातून निसटतो, आणि टेबलावर उभा केला की केसांच्या ओल्या वजनाने कलंडतो. पुष्कळ दांड्यांच्या बुडाला एक चपटं टोपण असतं, ते सुरीच्या टोकाने अलगद उचकटतं. आत दोन-चार लोखंडी वायसर ठेवायचे आणि मोकळी जागा एम-सीलने भरायची. एम-सीलचे दोन रंगांचे गोळे एकत्र मळून एकच रंग आला की लगेच भरायचं, घट्ट व्हायला लागलं की ते ऐकत नाही. टोपण बसवून रात्रभर सोडायचं. सकाळी तो ब्रश हातात घेऊन पाहा. वजन तळाशी आल्यामुळे तो उभा राहतो, हातात स्थिर बसतो आणि फेस करताना मनगटाला कमी श्रम पडतात. एवढ्या थोड्या खर्चात वस्तूचा दर्जा इतका बदलताना मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

झुपकाच दांड्यातून उपटून हातात आला तर ब्रश टाकू नये. माझ्या मते ती संधी आहे. खाचेतला जुना गोंद स्क्रू-ड्रायव्हरने खरवडायचा, झुपका आणि खाच दोन्ही दोन दिवस वाळवायच्या. ओलसर जागी कुठलाही गोंद धरत नाही. मग अराल्डाइटच्या दोन ट्यूबमधलं सारखं-सारखं मिसळून खाचेत लावायचं आणि झुपका बसवायचा. चटकन चिकटणारे पातळ गोंद इथे वापरू नयेत. ते केसांतून वर चढतात आणि बुडाशी काच होऊन बसते. बसवताना उंची आपल्या हातात असते. पूर्वीपेक्षा दोन मिलिमीटर खोल बसवला तर ब्रश ताठ होतो, खाचेच्या तळाशी कागदाची चकती घालून वर उचलला तर मऊ. एक दिवस हात लावायचा नाही, मग पाणी.

आता पावसाळा. ठाण्यात जून ते सप्टेंबर टॉवेलसुद्धा सुकत नाही, तिथे ब्रश कसा सुकणार? बंद कपाटात किंवा प्लास्टिकच्या डब्यात ठेवलेला ब्रश दोन आठवड्यांत कुबट होतो, बुडाशी काळे ठिपके दिसायला लागतात. ब्रश उलटा टांगावा की उभा ठेवावा यावर लोक हिरिरीने वाद घालतात. मला दोन्हींत फारसा फरक आढळलेला नाही. फरक पडतो तो ठेवण्याआधी काय करता त्याने. धुतल्यावर मुठीत दाबून पाणी काढायचं, तीन-चार जोरदार झटके द्यायचे, मग कोरड्या टॉवेलवर पुढे-मागे फटकारायचा. आणि न्हाणीघरात न ठेवता ड्राय बाल्कनीत किंवा खिडकीच्या ग्रिलजवळ, वारा लागेल पण पाऊस लागणार नाही अशा जागी. डुकराच्या केसांचे ब्रश दोन असतील तर पावसात आलटून-पालटून वापरावेत, म्हणजे प्रत्येकाला वाळायला दोन दिवस मिळतात. कृत्रिम ब्रश काही तासांत सुकतो. आमच्या हवेला तोच जास्त सोयीचा आहे हे मान्य करायला हवं.

ब्रश स्वच्छ ठेवण्याच्या बाबतीत मी थोडा जास्तच आग्रही आहे, आणि त्याला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन-अमेरिकेत सैनिकांना आणि नागरिकांना दाढीच्या ब्रशमधून ॲन्थ्रॅक्स हा जनावरांकडून येणारा जीवघेणा रोग झाला होता. युद्धापूर्वी आशियातले केस युरोपात निर्जंतुक होऊन पुढे जात. युद्धाने ती वाट मोडली, घोड्याचे केस परस्पर येऊ लागले आणि स्वस्त ब्रशमध्ये भरले गेले. माणसं दगावली. ब्रिटनने १९१९ साली त्यासाठी कायदा केला आणि १९२० साली जपानी दाढीच्या ब्रशची आयात बंद केली. आज अशी भीती बाळगायचं कारण नाही. तरी ब्रश एकाचा एकानेच वापरावा, घरातसुद्धा. पात्याने त्वचेवर बारीक ओरखडे उठतात आणि त्यावरून फिरलेला ब्रश दुसऱ्याच्या गालावर जाता कामा नये. सलूनमध्ये गेलात तर आपला ब्रश बरोबर न्या, कोणी वाईट वाटून घेत नाही.

बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचे ब्रश सगळ्यांत उंची मानले जातात. ते फार मऊ असतात, पाणीही अफाट धरतात. मला त्यांचा मोह नाही. बहुतेक केस चीनमधून येतात आणि प्राण्याला मारून येतात. आपल्याकडे चित्रकारांच्या ब्रशसाठी मुंगसं मारली जायची, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो व्यापार गुन्हा आहे, तरी अधूनमधून साठे पकडले जातात. गालाच्या सुखासाठी इतकं लांब जायची गरज नाही, जवळ जे मिळतं त्यावर थोडे कष्ट घेतले तर तितकंच सुख मिळतं, असं मी मानतो.

अर्थात सगळेच ब्रश सुधारत नाहीत. केसच विरळ असले, झुपक्याच्या मधोमध बोट घातल्यावर तळ दिसत असला, तर दोरा-रिंग काही उपयोगाची नाही. म्हणून विकत घेतानाच पुठ्ठ्यावरून झुपका दोन बोटांत दाबून पाहावा, घट्ट लागला पाहिजे. तळहातावर टोकं फिरवावीत, नव्या ब्रशची टोकं थोडी टोचली तर चालतील, खरखरीत ओरखडा उठला तर दुसरा घ्यावा. दांड्याला केस जिथे मिळतात तिथे गोंदाचे थेंब बाहेर आलेले असतील तर तोही नको. आणि डुकराच्या केसांचा ब्रश वापरात असताना केस मधेच तुटू लागले, मुळापासून न निघता अर्धवट तुकडे पडू लागले, तर केस ठिसूळ झालेत असं समजावं. त्याला गोंद नाही, आंबट नाही. त्याने बूट पुसावेत. त्याचा वजन भरलेला दांडा मात्र ठेवून द्यावा, पुढच्या झुपक्याला तो कामाला येतो.